विषयांतर आणि परदेशची शिष्यवृत्ति

वक्त्यानें मूळ मुद्दा सोडून दुसरेंच कांहीं बोलण्यास आरंभ केला म्हणजे श्रोते 'विषयांतर झालें' असें म्हणतात, आणि त्या शब्दांत कौतुकाचा अंश नसतो. एका विषयांत पदवी घेऊन दुसऱ्याच विषयाकडे वळूं पाहणाऱ्या विद्यार्थ्याकडे आमचा समाज कांहींशा त्याच दृष्टीनें पाहतो. दहावीची परीक्षा होते न होते तोंच मुलाच्या कपाळीं 'सायन्सचा', 'आर्ट्सचा', 'कॉमर्सचा' असा शिक्का बसतो, आणि तो जन्मभर पुसावयाचा नाहीं असें घरांतील सर्व मंडळी धरून चालतात. रसायनशास्त्राचा पदवीधर इतिहासाचे ग्रंथ वाचूं लागला कीं वडील माणसें विचारतात, "मग एवढीं वर्षें आणि एवढा पैसा पाण्यांत घालावयाचा काय ?"

प्रश्न रास्त आहे. कुंभार पिंपळगांवच्या पंचक्रोशींत मोसंबीच्या एका बहारावर किंवा कापसाच्या एका वेचणीवर ज्या घरच्या मुलांची फी ठरते, त्या घरच्या बापास तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण त्याचें उत्तर 'होय, पाण्यांत गेला' असेंच असतें असें मात्र नाहीं. परदेशच्या विद्यापीठांत राहून संशोधन करण्यासाठीं ज्या शिष्यवृत्त्या मिळतात, त्यांपैकीं कांहीं आपला मूळ विषय ओलांडून जाणाऱ्यांसही मिळतात. एखादी तर केवळ अशांसाठींच ठेविलेली आहे. असा अर्ज करणें हें नेहमींच्या अर्जाहून निराळें काम आहे. तें कसें करावें हें विद्यार्थी व पालक या उभयतांस कळावें, म्हणून आम्ही हा विषय येथें घेत आहों.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. आपल्याकडे 'स्कॉलरशिप' म्हटली म्हणजे हुशार किंवा गरजू मुलास फीसाठीं मिळणारें साहाय्य, एवढेंच ध्यानांत येतें. संशोधनाची फेलोशिप ही निराळी वस्तु आहे. ती पूर्वींच्या गुणांचें बक्षीस नव्हे. पुढें करावयाच्या एका विशिष्ट कामासाठीं दिलेला तो पैसा असतो. देणारा विचारतो तें हेंच कीं हें काम काय आहे, तें तूंच कां करावेंस, आणि तें करण्यास इतक्या दूर कां जावयाचें ? ज्यानें त्याच विषयांत पदवी घेतली आहे त्याच्या बाबतींत मधल्या प्रश्नाचें उत्तर प्रमाणपत्रच देतें. विषय बदलणाराचें प्रमाणपत्र मात्र मुकें असतें. त्याच्या वतीनें दुसऱ्या कशास तरी बोलावें लागतें. तें काय, याचें उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत शंभर वर्षांपूर्वीं घडलेलें आहे.

गोविंद सदाशिव घुर्ये यांचा जन्म १८९३ सालीं मालवण येथें झाला. त्यांचें शालेय व महाविद्यालयीन शिक्षण कांहीं मुंबईस व कांहीं जुनागडास झालें. पुढें एल्फिन्स्टन कॉलेजांतून संस्कृत विषय घेऊन ते बी.ए. झाले, भाऊ दाजी यांच्या नांवाचें पारितोषिक त्यांनीं मिळविलें, आणि १९१८ सालीं एम.ए.च्या परीक्षेंत कुलपतींचें सुवर्णपदकही त्यांस मिळालें. अशा माणसानें जन्मभर संस्कृतच शिकवावें, असें त्या वेळीं कोणीही म्हटलें असतें. पण १९१९ सालीं मुंबई विद्यापीठानें समाजशास्त्राचा नवा विभाग काढला आणि त्यावर पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानाची नेमणूक केली. या नव्या शास्त्रांत तयार झालेला मनुष्य हवा, म्हणून एखाद्या तरुणास शिष्यवृत्ति देऊन विलायतेस पाठवावें असें विद्यापीठानें ठरविलें. घुर्ये यांनीं त्यासाठीं अर्ज केला.

येथें थोडें थांबून विचार करण्यासारखें आहे. समाजशास्त्राची पदवी घुर्ये यांच्यापाशीं नव्हती. ती त्या काळीं मुंबईंत कोणापाशींच असणें शक्य नव्हतें. त्यांच्यापाशीं होतें तें संस्कृत. मग गेडिस यांनीं त्यांची पारख कशावरून केली ? एका निबंधावरून. 'एक नागरी केंद्र या दृष्टीनें मुंबई' अशा आशयाचा निबंध घुर्ये यांनीं लिहिला, तो गेडिस यांस पसंत पडला, आणि त्यांच्या शिफारशीनें शिष्यवृत्ति घुर्ये यांस मिळाली. या निबंधाचा विषय पाहावा. त्यांत पाणिनि नाहीं, कालिदास नाहीं. ज्या शहरांत ते राहत होते तें शहरच त्यांनीं अभ्यासाचा विषय केलें. नव्या शास्त्रांत आपणांस गति आहे असें नुसतें सांगत न बसतां, त्या शास्त्रांतील एक लहानसें काम करूनच त्यांनीं तें दाखविलें. सुवर्णपदकानें त्यांची बुद्धि सिद्ध होत होती. पण या विशिष्ट कामाची योग्यता त्या निबंधानें सिद्ध झाली. विषय बदलून अर्ज करणारांस आम्हांस जें सांगावयाचें आहे, त्याचें सार बहुतेक या एका गोष्टींत आलें आहे.

१९२० सालीं घुर्ये लंडनला गेले. तेथें हॉबहाउस या नामांकित प्राध्यापकांच्या हाताखालीं त्यांनीं आरंभ केला. पण तेथें त्यांचें मन रमलें नाहीं. मग ते केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे गेले. अर्जांत जें नांव लिहिलें तेथेंच शेवटपर्यंत राहिलें पाहिजे, असा कित्येकांचा समज असतो. पण योग्य गुरु शोधण्याचें काम तेथें गेल्यावरही संपत नाहीं. दुर्दैवानें १९२२ च्या जूनमध्यें रिव्हर्स अकस्मात् वारले. परक्या देशांत, परक्या विषयांत, प्रबंध अपुरा असतां गुरूच गेला ! अशा वेळीं हॅडन या दुसऱ्या प्राध्यापकांनीं त्यांस आधार दिला आणि घुर्ये यांनीं डॉक्टरेटचा प्रबंध पुरा केला. परत आल्यावर १९२४ मध्यें मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची धुरा त्यांच्या हातीं आली, ती त्यांनीं १९५९ पर्यंत सांभाळिली. भारतांतील समाजशास्त्राचे आद्य आचार्य म्हणून त्यांचें नांव आजही घेतलें जातें.

मग तें संस्कृत वायां गेलें काय ? १९३२ सालीं प्रसिद्ध झालेला जातिसंस्थेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ ज्यानें चाळला आहे त्यास याचें उत्तर ठाऊक आहे. त्यांत धर्मसूत्रें व स्मृति यांचे आधार आहेत, आणि माणसांच्या नाकाडोक्यांच्या मोजमापांवरून जातींचा उगम ठरवूं पाहणाऱ्या रिस्लेच्या मताची चिकित्साही आहे. पहिली गोष्ट त्यांनीं मुंबईंत मिळविली होती, दुसरी केंब्रिजला. ज्याला एकच येत होतें त्याच्या हातून तो ग्रंथ झाला नसता.

जातां जातां एक मौज सांगतों. घुर्ये यांस पाठविणारे गेडिस हे स्वतः मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. तरुणपणीं मेक्सिकोंत असतां त्यांच्या डोळ्यांस विकार झाला, सूक्ष्मदर्शकाचें काम अवघड झालें, आणि वनस्पतींच्या जीवनाकडून ते माणसांच्या वस्तींकडे व नगररचनेकडे वळले. रिव्हर्स हे मूळचे डॉक्टर. वैद्यकाकडून मानसशास्त्राकडे व तेथून मानवशास्त्राकडे आले. हॅडन हे प्राणिशास्त्रज्ञ. टॉरस सामुद्रधुनींत प्रवाळांचा अभ्यास करावयास म्हणून गेले आणि तेथील बेटवासी लोकांच्या चालीरीतींनीं त्यांस असें ओढून घेतलें कीं, १८९८ सालीं ते पुन्हां तेथें गेले ते मानवशास्त्राची मोठी मोहीम घेऊन. तींत रिव्हर्सही होते. म्हणजे संस्कृतच्या या पदवीधरास समाजशास्त्र शिकविलें तें एका वनस्पतिशास्त्रज्ञानें, एका डॉक्टरानें व एका प्राणिशास्त्रज्ञानें ! आमच्या पालकवर्गानें ही गोष्ट लक्षांत ठेवावी. कुंपण ओलांडून आलेल्या माणसास आंत घेण्यास, जे स्वतः कधीं काळीं कुंपण ओलांडून आले आहेत तेच बहुधा अधिक राजी असतात. परदेशचा मार्गदर्शक निवडतांना त्याचें नांव किती मोठें एवढेंच न पाहतां, तो स्वतः कोणत्या वाटेनें आला हेंही पाहावें.

अशाच प्रकारची एक गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रांतही आहे, आणि आपल्या मराठवाड्यांत तरी त्यांची ओळख करून देण्याची गरज नाहीं. १९१३ सालीं बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथें त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. पण १९१६ च्या मे महिन्यांत, भारतांतील जातींची घडण, उत्पत्ति व वाढ यांवरील आपला प्रसिद्ध निबंध त्यांनीं वाचला तो गोल्डनवायझर या प्राध्यापकांच्या मानवशास्त्राच्या चर्चावर्गांत. अर्थशास्त्र त्यांनीं सोडलें नाहीं. शेजारच्या वर्गाचें दार मात्र ठोठावलें. पुष्कळदां विषयांतराचा उत्तम मार्ग हाच असतो. आपल्या विषयांत जाऊन तेथून शेजारीं पाहावें. त्यासाठीं निराळा अर्जही लागत नाहीं.

त्या शिष्यवृत्तीच्या अटी मात्र पालकांनीं मुद्दाम वाचाव्या. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षें. आणि मोबदल्यांत परत आल्यावर १० वर्षें संस्थानची नोकरी करण्याचा करार. मुदत संपतांच १९१७ मध्यें लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांस परत यावें लागलें. बडोद्याच्या नोकरींत अस्पृश्यतेमुळें त्यांस राहावयास जागाही मिळेना, हा इतिहास सर्वांस माहीत आहे. अपुरा अभ्यास पुरा करण्यास १९२० सालीं ते पुन्हां लंडनला गेले, ते स्वतःच्या शिलकीवर, शाहू महाराजांच्या मदतीवर व मित्राकडील कर्जावर. शिष्यवृत्ति किती आहे हें सर्वजण विचारतात. ती कोणत्या दिवशीं संपते आणि तीमागून काय बंधन येतें, हें विचारणारा विरळा.

तिसरें उदाहरण एका स्त्रीचें आहे आणि त्यांत शिष्यवृत्ति नाहीं, कर्ज आहे. तरीही तें येथें देणें आम्हांस अवश्य वाटतें. इरावतीबाई कर्वे या १९२६ सालीं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांतून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाल्या. नंतर दक्षिणा फेलोशिप मिळवून त्या मुंबईस घुर्ये यांच्याच हाताखालीं समाजशास्त्र शिकल्या व १९२८ मध्यें एम.ए. झाल्या. हें पहिलें विषयांतर. त्याच वर्षीं त्या बर्लिनला गेल्या, आणि तेथें ऑयगेन फिशर यांच्या संस्थेंत शरीर-मानवशास्त्र शिकूं लागल्या, म्हणजे तत्त्वज्ञानाची ही विद्यार्थिनी हाडें व कवट्या मोजूं लागली ! प्रवासासाठीं डॉ. जीवराज मेहता यांनीं कर्ज दिलें. पति प्रा. दिनकर कर्वे हे स्वतः जर्मनींत रसायनशास्त्र शिकून आलेले असल्यानें त्यांचा पाठिंबा होता. पण श्वशुर धोंडो केशव कर्वे, ज्यांनीं स्त्रियांसाठीं विद्यापीठ काढलें, त्यांस हा बेत पसंत नव्हता. घरचा विरोध हा केवळ अडाणी घरांतच होतो असें समजणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

त्यांस मिळालेला प्रबंधाचा विषय विलक्षण होता. मानवी कवटीची डावी व उजवी बाजू अगदीं सारखी नसते. हा असमतोल गोऱ्या वंशांत अधिक असतो व त्याचा संबंध त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीशीं आहे, अशी कल्पना तेथें प्रचलित होती. इरावतीबाईंनीं कवट्या मोजिल्या, आंकडे मांडिले, आणि असमतोलाचा वंशाशीं असा कांहीं संबंध दिसत नाहीं असा निष्कर्ष काढिला. ज्या संस्थेच्या मताविरुद्ध हें जात होतें त्याच संस्थेंत त्यांनीं तें लिहून दिलें व डॉक्टरेट मिळविली. बाहेरून आलेल्यास त्या घरच्या समजुतींची संवय नसते. म्हणून जें घरच्यांस दिसत नाहीं तें त्यास कधीं कधीं दिसतें. शिष्यवृत्ति देणाऱ्या शहाण्या संस्था विषयांतर करणारास आंत घेतात त्याचें एक कारण हेंही आहे. १९३९ पासून डेक्कन कॉलेजांत राहून इरावतीबाईंनीं जें काम केलें, त्यांत संस्कृत ग्रंथ, गांवोगांवची भटकंती आणि शरीराचीं मोजमापें हीं तिन्हीं एकत्र आलीं. १९५३ सालचा भारतांतील नातेसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ आणि मराठी वाचकांस प्रिय असलेलें 'युगांत', हीं दोन्हीं एकाच लेखणीचीं आहेत.

आणखी एकाचें नांव घेऊन पुढें जाऊं. गोव्यांत जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिताचे प्राध्यापक. तक्षशिलेच्या जुन्या नाण्यांचा इतिहास ठरवितांना त्यांनीं काय केलें, तर तीं रसायनशाळेंतील तराजूवर तोलिलीं. वापरानें नाणें किती झिजतें याचें गणित मांडिलें, आणि त्यावरून कोणतें नाणें आधीचें व कोणतें नंतरचें याचा विचार केला. इतिहासकार ठसे पाहत होते. गणिती वजन पाहूं लागला. जुनें हत्यार नव्या मालावर कसें चालतें, याचा इतका सुबोध नमुना आम्हांस दुसरा ठाऊक नाहीं.

आतां आपल्या गांवाकडे येऊं. थोरांचीं चरित्रें वाचून 'ते थोर होते' एवढेंच मुलांच्या मनांत राहतें. म्हणून एक काल्पनिक विद्यार्थी घेऊं व त्याचा अर्ज आपणच लिहावयास बसूं. समजा, आपल्या शाळेंतून गेलेली एक मुलगी छत्रपति संभाजीनगरच्या विद्यापीठांतून रसायनशास्त्राची एम.एस्‌सी. झाली आहे, आणि तिला पुरातत्त्वाचा ध्यास लागला आहे. तें कां, हें सांगावयास नको. आपल्या गांवाच्या नांवांतच कुंभार आहे. आणि जालना जिल्ह्यांतील भोकरदन, म्हणजे जुनें भोगवर्धन, येथें १९७३ मध्यें उत्खनन होऊन सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष निघालेले आहेत. प्राचीन वस्ती खणली कीं सर्वांत अधिक काय सांपडतें ? सोनें नव्हे, खापऱ्या.

सर्वसाधारण विद्यार्थी अशा वेळीं अर्जांत लिहितो, "मला लहानपणापासून इतिहासाची आवड आहे." हें वाक्य खरें असलें तरी निरुपयोगी आहे, कारण तें कोणासही लिहितां येतें. आमची मुलगी निराळें लिहील. ती लिहील कीं, मातींत लोह असतें. आव्यांत हवा मोकळी खेळली तर त्या लोहाची लाल भस्में बनून भांडें तांबडें होतें, आणि हवा कोंडली व धूर राहिला तर तेंच भांडें काळें पडतें. म्हणजे भांड्याचा रंग हा केवळ आवडीचा प्रश्न नसून आव्याच्या कारभाराची ती नोंद आहे. कुंभार मातींत राख व लीद मिसळतो. ती भाजतांना जळून जाते व मातींत सूक्ष्म छिद्रें राहतात. त्या छिद्रांतून पाणी झिरपतें व माठ गार होतो. त्या छिद्रांवरून, मातींतील खनिजांवरून व भाजण्याच्या खुणांवरून दोन हजार वर्षांपूर्वींच्या कुंभारानें माती कोठून आणिली, तींत काय मिसळलें व आवा किती तापविला, हें अजमावतां येतें. हा प्रश्न इतिहासाचा आहे; पण त्याचें कुलूप रसायनशास्त्राच्या किल्लीनें उघडतें. 'तूंच कां ?' या प्रश्नाचें उत्तर झालें.

पण एवढ्यानें भागत नाहीं. घुर्ये यांचा निबंध आठवावा. या मुलीनें अर्ज करण्यापूर्वीं एक लहान प्रयोग करून ठेवावा. आजही जे कुंभार चाक फिरवितात त्यांच्याकडे जावें. दोन-तीन ठिकाणची माती घ्यावी. त्यांच्याच हातून सारखीं बोळकीं करवून घ्यावीं, कांहीं आव्याच्या मध्यभागीं व कांहीं कडेस ठेवावीं. आणि भाजल्यावर रंग, वजन, पाणी शोषण्याचें प्रमाण यांची नोंद करावी. कॉलेजच्या प्रयोगशाळेंत होण्यासारखें हें काम आहे. त्याचीं दहा पानें लिहून तीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील किंवा आपल्या विद्यापीठांतील जाणत्या अध्यापकास दाखवावीं, त्यांच्या टीकेप्रमाणें दुरुस्त करावीं, आणि मग अर्जास जोडावीं. गुणपत्रिकेहून त्या दहा पानांचें वजन अधिक पडतें. येथें एक सूचना : पांढरीच्या टेकाडावरून जुन्या खापऱ्या उचलून आणण्याचा मोह कोणासही न व्हावा. जागेवरून हललेली खापरी अर्ध्याहून अधिक मुकी होते, आणि संरक्षित ठिकाणीं तसें करणें कायद्याविरुद्धही आहे.

यानंतर तिनें आपलें उणें सांगावें. पुरातत्त्वाचा पाठ्यक्रम आपण शिकलों नाहीं, थर ओळखणें आपणांस येत नाहीं, हें अर्ज वाचणारास दिसतच असतें. तें झांकण्यांत अर्थ नाहीं. त्या ऐवजीं, ही उणीव भरून काढण्यास पहिल्या सहा महिन्यांत आपण कोणते वर्ग ऐकणार, कोणत्या उत्खननांत काम करणार, हें लिहावें. 'इतक्या दूर कां ?' या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तरही त्यांतूनच निघतें : जें यंत्र किंवा जो गुरु येथें नाहीं, त्याचेंच नांव घ्यावें. 'परदेशांत शिक्षण चांगलें असतें' हें उत्तर नव्हे.

शिफारसपत्रांविषयींही थोडें सांगितलें पाहिजे. आपल्याकडे मोठ्या हुद्द्याच्या माणसाचें पत्र मिळविण्याची धडपड होते. विषय बदलणारास दोन प्रकारचीं पत्रें लागतात. एक जुन्या विषयाच्या अध्यापकाचें. त्यानें 'ही आमच्याकडे कंटाळली म्हणून जात नाहीं, उत्तम काम करीत असतां जात आहे' असें सांगितलें पाहिजे. दुसरें नव्या विषयांतील कोणा जाणकाराचें, ज्यानें तीं दहा पानें वाचलीं आहेत. ज्यानें उमेदवाराचें काम पाहिलेंच नाहीं अशा पुढाऱ्याच्या पत्रास तेथें कोणी विचारीत नाहीं.

परदेशच्या प्राध्यापकास लिहावयाचें पत्रही याच शिस्तीचें असावें. तें एका पानाचें असावें. त्यांत त्यांच्या एखाद्या निबंधांतील विशिष्ट मुद्द्याचा उल्लेख, आपला प्रश्न, आपण केलेलें लहान काम, आणि 'आपल्याकडे काम करण्यास संमति मिळेल काय' ही विनंती, इतकें पुरे. एकच पत्र पन्नास जणांस धाडूं नये. वाचणारास तें पहिल्या ओळींतच कळतें. उत्तर न आल्यास तीन आठवड्यांनीं एकदां स्मरण द्यावें, आणि मग दुसरीकडे वळावें.

प्रत्यक्ष शिष्यवृत्त्या कोणत्या, असें पालक विचारतील. सर्वांची यादी देणें येथें शक्य नाहीं व नियमही वरचेवर बदलतात. तथापि आमच्या विषयाशीं थेट संबंध असलेल्या कांहींचा निर्देश करतों. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथील 'ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅम' ही संस्था 'क्रॉस-डिसिप्लिनरी' नांवाची तीन वर्षांची फेलोशिप देते. ती केवळ अशांसाठींच आहे कीं, ज्यांनीं भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, अभियांत्रिकी यांसारख्या विषयांत डॉक्टरेट केली आहे व आतां ज्यांस जीवशास्त्रांत शिरावयाचें आहे. जर्मनींतील हुंबोल्ट प्रतिष्ठानाच्या संशोधन-फेलोशिपांत कोणत्याही विषयासाठीं वांटून दिलेल्या जागा नाहींत. मनुष्य आणि त्याचें काम पाहिलें जातें. मात्र तेथील यजमान प्राध्यापकाची संमति अगोदर हवी. भारतांत पीएच.डी.साठीं नोंदणी झालेल्यांस काम चालू असतांनाच कांहीं महिने अमेरिकेंत जातां यावें म्हणून फुलब्राइट-नेहरू फेलोशिप आहे; बाबासाहेबांनीं ठोठावलें तसें शेजारचें दार ठोठावण्यास ही फार सोयीची. जमशेटजी टाटा यांच्या नांवचा निधि १८९२ पासून परदेशीं जाणारांस साहाय्य देत आला आहे. तें कर्जाऊ असतें, हें विसरूं नये.

भारत सरकारच्या सामाजिक न्याय खात्याच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीचा उल्लेख मुद्दाम निराळा करतों, कारण ती आपल्या गांवच्या पुष्कळ घरांच्या उपयोगाची आहे. ती अनुसूचित जाति, भटक्या व विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि परंपरागत कारागीर यांच्या मुलांसाठीं आहे. आणि कुंभार हे परंपरागत कारागीर होत. तींत फी, निर्वाहखर्च व विमानभाडें मिळतें. पण २०२२ सालीं तिच्या नियमांत एक अट घालण्यांत आली कीं, भारतीय संस्कृति, वारसा, इतिहास व भारतासंबंधीं सामाजिक अभ्यास या विषयांसाठीं ती मिळणार नाहीं. आपल्या देशाचा अभ्यास करावयास परदेशीं कशाला जावें, हा त्यामागील विचार. आम्हांस तो पटत नाहीं. जातिसंस्थेचा अभ्यास करण्यास मुंबईच्या विद्यापीठानें घुर्ये यांस केंब्रिजपर्यंत जाऊं दिलें, त्याचें फळ मुंबईसच मिळालें. पण आमच्या पटण्या न पटण्यानें अर्ज मंजूर होत नाहीं. खापऱ्यांचा अभ्यास करूं पाहणाऱ्या मुलीनें, ज्या वर्षीं अर्ज करावयाचा त्या वर्षींचे नियम प्रथम वाचावे, आणि आपला विषय इतिहासांत मोडतो कीं पदार्थविज्ञानांत, हें त्या नियमांच्या भाषेंत तपासून पाहावें. अर्ज नाकारला जाण्यास पुष्कळदां विषय कारण नसतो. त्याचा लावलेला गट कारण असतो.

शेवटीं पालकांसाठीं खर्चाची गोष्ट. शिष्यवृत्ति हातीं येण्यापूर्वींचा खर्च बहुधा घरचाच असतो : पासपोर्ट, इंग्रजीच्या परीक्षेची फी, कागदपत्रांच्या प्रती, मुलाखतीसाठीं पुण्या-मुंबईचा किंवा दिल्लीचा प्रवास. हा पैसा दीड-दोन वर्षें आधींपासून थोडा थोडा बाजूस ठेवावा. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता परदेशीं पोंचल्यावर कांहीं आठवड्यांनीं हातीं येण्याचाही संभव असतो, म्हणून तेवढ्या दिवसांची सोय करून ठेवावी. 'अमुक रक्कम द्या, शिष्यवृत्ति मिळवून देतों' असें म्हणणारास दारांतूनच परत पाठवावें. वर नांवें घेतलेल्या शिष्यवृत्त्यांपैकीं एकही दलालामार्फत मिळत नाहीं. करारपत्र आलें कीं तें मुलानें एकट्यानें सही करून पाठवूं नये. घरांत बसून मोठ्यानें वाचावें, न समजलेला शब्द शिक्षकांस किंवा वकिलास विचारावा, जामीन कोणाचा, परत येऊन किती वर्षें कोठें काम करावयाचें, अभ्यास अर्धवट राहिल्यास पैसा परत करावयाचा कीं काय, हें एका कागदावर उतरून घ्यावें, आणि तो कागद घरींच ठेवावा.